औषध पोरीला, पथ्य मला

…आणि पथ्य कुणाला, तर मला! आजारी कोण, माझी गंधाली, आठवीतली. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की हात गार, तोंडी परीक्षा असली की सकाळपासून उलट्या. आणि डॉक्टर मॅडम म्हणतात, "आई, तुम्ही गप्प राहायचं." मी? तुम्हाला सांगते, अख्ख्या चारकोपात विचारा… पण म्हटलं, पोरीसाठी. गप्प.

मॅडमनी मेंदूचा प्लास्टिकचा गोळा उघडून दाखवला. आत बदामाएवढा तुकडा, ती म्हणे भीतीची घंटा. हिची कशानेही वाजते. आणि ती थांबवणारा कपाळामागचा ब्रेक पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे घंटा आधी आणि ब्रेक नंतर? रिक्षा तरी अशी विकतो का कुणी? मी विचारलंच. तर म्हणाल्या, म्हणूनच सराव द्यायचा, थोडं थोडं घाबरू द्यायचं, मग घंटेला कळतं की काही होत नाही. तुम्ही मध्ये बोललात की तिला वाटतं, आई होती म्हणून वाचले. बरं. गप्प.

आधी कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवली. मी फक्त पुढे जाऊन दुकानदाराला सांगून आले, पोरगी दही मागेल, खेकसू नको. त्याने तिला लांबून बघितलं नि दही काढून हातातच ठेवलं. तिला तोंड उघडायची वेळच नाही. मॅडम म्हणाल्या, हे गप्प राहणं नव्हे. घ्या! आता गप्प राहण्यातही पास-नापास?

मग रविवारी बाजारात, मासेवालीकडे. मी मागे भाजीच्या गाडीआड. पोरीचे कान लाल, आणि ती बाई डाफरते, "काय पायजे गो? तोंड उघड की." माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू… गप्प. पोर उभी. पळाली नाही. आणि मग, "मावशी, बांगडे… ताजे आहेत ना?"

बोलली हो. मला तिथवर ऐकू आलं.

"एकदम ताजे," म्हणून तिने जे बांगडे पिशवीत टाकले ना… डोळे आत गेलेले, कल्ले मातकट. मालवणची मी, नुसत्या वासावर सांगेन, कालचे. आणि बोलायचं नाही! पदराचा बोळा तोंडात कोंबला. गप्प.

पोरगी पिशवी नाचवत आली, चेहरा असा की बोर्डात पहिली आलीय. घरी कोकमाचं आगळ दुप्पट, तिखट तिप्पट, वर शिळा वास मारायला मूठभर त्रिफळं घातली, नवऱ्याला डोळ्यांनीच दम दिला, सगळे जेवलो. बोटं चाटत म्हणते, "आई, आता दर रविवारी मासे मीच आणणार."

आण बाई. काय करता… त्रिफळं किलोभर आणून ठेवलीत.