तांडेलाची सही

गंगाराम: नाय मास्तर. तो शब्द काढा, मग म्हणाल तिथं सही करतो.

मास्तर: शब्द मी घातलेला नाही, गंगाराम. फीमाफीला नादारीच म्हणतात. आमच्या शाळेत वर्गात चार-पाच मुलं तरी नादार असतातच.

गंगाराम: शाळेत असतील. बंदरावर नादार म्हंजे दिवाळं काढलेला. पेठेतला भागोजी नादार झाला, तर लोक त्याच्या हातची विडी घेईनात. नारळी पुनवेला मचवा पाण्यात घालायचाय मला. नादार तांडेलाच्या मचव्यात माल कोण भरील?

कमळा: अवो, कागद जाणार पुण्याच्या कॉलेजात. माल भरणारे हितं बंदरावर. त्यांना कोण सांगायला जातंय?

गंगाराम: तू गप गो. मी कशावर सही करतो, ते मला ठावं असतं ना.

मास्तर: हे बघा, लवूला कॉलेजनं जागा दिलीय. आपल्या जिल्ह्यातली मोजकीच मुलं घेतात, त्यात तुमचा एक. पण फी माफ झाली नाही तर जागा मिळून उपयोग काय? उद्या सकाळच्या टपालाच्या मोटरीनं कागद गेला नाही, तर जागा दुसऱ्याला देतील.

कमळा: शाळेत पयलं आलेलं पोर. आता काय मचव्यावर पाणी उपसायचं त्यानं?

गंगाराम: मी नाय उपसलं? ...पन मास्तर, पयला कागद तुमीच धाडलात. तेव्हा माझी सही नव्हती लागत. आताच का?

मास्तर: तो परत आला.

गंगाराम: का?

मास्तर: लवूनं शपथ घातलीय मला, सांगू नका म्हणून.

कमळा: शपथ माझ्यावर सोडा. काय केलंन त्यानं?

मास्तर: कागदावर एक रकाना असतो, बापाचा धंदा काय. इंग्रजीत भरायचा. लवूनं त्यात लिहिलं, कप्तान.

गंगाराम: काय लिवलं?

मास्तर: कप्तान. मीही नीट न बघता शिक्का मारला, चूक माझीसुद्धा आहे. तिकडून पत्र आलं, मुलाचे मार्क उत्तम आहेत, पण आगबोटीवरच्या कप्तानाच्या मुलाला नादारी कशाला? काही खुलासा असेल तर पालकाच्या सहीनं ताबडतोब पाठवा.

कमळा: अगो बाय माझे. आगबोटीचा कप्तान पडवीत बसून शीड शिवतोय.

गंगाराम: त्यानं आपणहून लिवलं?

मास्तर: मी रागावलो. म्हटलं, अरे, खलाशी तरी लिहायचंस. तर म्हणाला, मास्तर, मचव्यावर बाबांच्या वर कोणीच नाही, मग दुसरं काय लिहू?

गंगाराम: असं बोल्ला?

मास्तर: असंच. आणि मग रडायला लागला. म्हणाला, बाबांना कळू देऊ नका. त्यांना वाटेल, मला त्यांची लाज वाटली म्हणून खोटं लिहिलं.

(गंगाराम सुई शिडात खोचून ठेवतो.)

गंगाराम: मला तसंच वाटत होतं, मास्तर. हा कागद यायच्या आधीपासनं. इंग्रजी शिकला नि घरात बोलायचा थांबला. म्हटलं, आता काय, बाप अंगठ्याच्या वर सहीपुरता शिकलेला, त्याच्याशी काय बोलणार.

कमळा: अभ्यास करत होता तो. मी सांगत नव्हते?

गंगाराम: आता त्या रकान्यात काय घातलंत?

मास्तर: तांडेल. जसंच्या तसं, इंग्रजी अक्षरांत. शेजारी लिहिलंय, शिडाचा लहान मचवा, पावसाळ्यात बंद.

गंगाराम: बरोबर हाय. टाक द्या. सही मोडीत चालेल ना?

मास्तर: चालेल. पण वर नादार शब्द तसाच आहे हं.

गंगाराम: असू दे. बंदरावर कोणी विचारलंच, तर सांगीन काय ते.

कमळा: इतका वेळ मास्तरांचं डोकं खाल्लंत ते कशाला मग?

गंगाराम: झाली सही. वाळू दे जरा. ...मास्तर, तो परत आलेला कागद कुठं हाय?

मास्तर: पेटीत आहे. आता त्याचं काय, फाडून टाकायचा.

गंगाराम: फाडू नका. मला द्या.

मास्तर: अहो, सगळा इंग्रजीत आहे. तुम्हाला वाचता यायचा नाही.

गंगाराम: ठावं हाय. कप्तान कुठं लिवलंय, तेवढं बोट ठेवून दाखवा.