डाळिंबाची साल

हॅलो? … कोण, दिपाली? व्हय गं, स्वरूपा वहिनीच बोलतीय. तुझा दादा फोन घरी इसरून बागंत गेलाय. … बोल की.

… विराजचे जुलाब अजून थांबले न्हाईत? … काल दादानं आणून दिलेली डाळिंबं दिलीस का त्याला? … बरं. कापायच्या आधी धुतली ना? … अगं, दाणे न्हाय, आख्खं फळ. नळाखाली धरून हातानं चोळायचं, मंग सुरी लावायची. न्हायतर सालीवर फवारलेलं औषध सुरीसंगं आत उतरतं. … मिठाच्या पाण्यात ठेवलीस? ठेव की. पण मिठानं सगळं निघतं असं न्हाय. चोळायचं, पुसायचं, आन् सुरी बी धुवायची.

… व्हय, व्हय… ऐकतीय. … काय किती येळ उकळायचं? … साल? कशाची साल?

… दिपाली, गॅस बंद कर. … अगं ऐक ना, आधी बंद कर, मंग बोल. … केलास?

… व्हय, सालीचा काढा जुलाबाला चांगला. तुझ्या सासूबाई काय खोटं न्हाय सांगत, माझी आई पण द्यायची. पण ती परसातल्या झाडाची साल. ही आमच्या बागंतली. सोमवारीच औषध मारलंय तिच्यावर. … आता तूच बघ, दाणे खाताना साल आपण टाकून देतो, म्हणून निम्मी काळजी मिटती. आन् तू तीच साल उकळून पाजणार. … उकळून जातं कुठं? थोडं जात आसंल, बाकीचं पाण्यातच उतरतं की.

… सकाळी? … सकाळी पाजलासुद्धा? … किती? … अर्धी वाटी.

… मला कसं कळणार गं, मी काय डॉक्टर हाय? उलटी झाली का? … एकदा. … आता काय करतोय? सुस्त हाय का खेळतोय? … मांडीवरच पडलाय.

… दवाखान्यात ने. आत्ता. सांजंपर्यंत वाट बघत बसू नगंस. … न्हाय, ताक न्हाय, लिंबू न्हाय. घरचं काय बी पाजू नगंस आता. … सासूबाई काय म्हणत्यात? … दे त्यांच्याकडं फोन. … दे गं.

मावशी, नमस्कार करते. … व्हय, तुमी चार लेकरं ह्याच काढ्यावर वाढवली, खरं हाय. तवा झाडावर फवारत कोण हुतं? … न्हाय मावशी, इख कोण पाठवंल? बागंचा तोडा व्हायला अजून येळ हाय. पोराचं पोट बिघडलंय म्हणून मीच चार फळं आधी तोडून दिली, दाणे खाईल म्हणून. सालीचं ध्यानातच आलं न्हाय. सांगायला पायजे हुतं, चुकलं आमचं. … बोला, मला बोला. पोरीला नगा बोलू. ती आधी दवाखान्यात जाऊ द्या.

… हां, दिपाली. रडू नगंस. औषधाची बाटली गोठ्यातल्या फळीवर हाय, तिचा फोटो काढून पाठवते. डॉक्टरला दाखव. राहिलेला काढा आन् साल पिशवीत घालून संगं ने. … जळोचीतनं रिक्षा मिळंल का? … जावईबापू गाडी काढतायत? बरं झालं.

… काय? … डॉक्टरला बाजारातनं आणली म्हणून सांगणार? … का गं? … मावशींना कळलं, पण जावईबापूंच्या म्होरं माहेरचं नाव नको म्हणून व्हय.

… अगं, लाज मला बी वाटती. ह्येच वर्षभर तुझ्या सासरी निघंल, ठाऊक हाय मला. दादाची मान खाली जाईल. जाऊ दे. … बाजारातली म्हणलीस तर डॉक्टर इचारंल, कसलं औषध, कवा मारलं. काय सांगशील?

… न्हाय. आमच्या बागंतली म्हण. दादाचं नाव सांग, माझं सांग, सोमवारी मारलं म्हण. … व्हय, जावईबापूंच्या म्होरंच म्हण.

… दादाला मी सांगते. ठेव आता. पोराला उचल.