क्लेमांसचं चौथं गाणं

— ती सोडून, पाहुणे. बाकी कुठलीही किल्लीची गाणारी पेटी घ्या, ती विकायची नाही. नाही हो, बिघडलेली नाही — या अख्ख्या सेंत-क्रवा गावात माझ्यासारखी फणी जुळवणारा दुसरा नाही. बरं, एक आहे, पण त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बसा, तुमची जिनिव्हाची गाडी या बर्फात काही वेळेवर येत नाही. पण शेगडीला फार चिकटू नका, मागच्या गिऱ्हाइकाचा कोट जळला होता.

हात काढा बघू तिच्यावरून. सांगतो, सांगतो. ही पितळी नळी दिसतेय ना, तिच्यावरचे बारीक खिळे? ते क्लेमांस बसवते. चर्चच्या मागं राहते, नवरा बिचारीचा केव्हाच गेला. ती तिथं घरी बसून खिळे बसवते, मी इथं पोलादाची फणी जुळवतो. खिळा फणीच्या दाताला लागला की सूर. म्हणजे तिच्या खिळ्यांना माझ्या फणीशिवाय आवाज नाही — आणि माझ्या फणीला... असो. नळी केसभर सरकली की पुढचं गाणं लागतं, एका नळीवर चार गाणी. आता आमच्याकडं एक रीत आहे. तोंडानं विचारायचं धाडस नसलं की एका गाण्याची जागा कोरी ठेवून नळी पाठवायची. बाईला कळतं काय ते. कोरीच परत आली तर नाही. गाणं भरून आली, तर ते गाणंच उत्तर. मी पाठवली. या वयात — हसा, हसा, गावही हसतंय.

सगळ्यात जास्त तो ओब्री हसतो. शेजारी राहतो, अकॉर्डियन बनवतो. दमेकरी बकरी काखेत धरून दाबावी, तसा आवाज. रोज संध्याकाळी क्लेमांसच्या खिडकीखाली भाता ओढत उभा, आणि ती त्याला सूप देते. बटाट्याचं. मी काही बघायला गेलो नव्हतो, दूध आणायला गेलो होतो. आता दूध घरात होतं, ही गोष्ट वेगळी.

तर मंगळवारी नळी आली. फणी बसवली, किल्ली दिली — दाबलीत कळ? तुमचा हात काही स्वस्थ राहत नाही. आता ऐकाच. ही पहिली तीन माझी, मी आखून दिलेली. थांबा... हं, हे चौथं. नाही ओळखणार, तुम्ही शहरातले. गुरं हाकारायचं गाणं आहे, पाहुणे. गुरं. मी बाईला मागणी घातली आणि बाई मला बैल म्हणाली. आणि शेवट ऐका — ऐकलात? फणीतला सगळ्यात जाड दात, हंबरतो अगदी. त्याच्यावर मुद्दाम खिळा. फार लागलं हो मला. तेव्हापासून चर्चवरून जात नाही, पाव आणायलासुद्धा ओढ्याकडून वळसा घालतो. उद्या प्रार्थना झाली की ओब्री तिला विचारणार म्हणे, नवी टोपी घेतलीय त्यानं. विचारू दे. बैलाला काय त्याचं.

काय? हे गाणं कधी म्हणतात म्हणजे? संध्याकाळी, दुसरं कधी. अंधारून आलं की बाई गोठ्याचं दार उघडून उभी राहते आणि हाकारते. कशाला काय — घरी या म्हणून. पुरे झालं बाहेर फिरणं, आत ऊब आहे, मी दारात वाट...

आणि तो जाड सूर? तो गाण्यात नसतोच मुळी. ते जनावराचं उत्तर असतं, आलो म्हणून.

म्हणजे माझं उत्तरसुद्धा तिनंच बसवून टाकलं.

मंगळवारी. आणि आज शनिवार.

उठा, पाहुणे. नाही, आज काही विकायचं नाही. ती पेटी इकडं द्या — नीट, नीट धरा. माझी टोपी कुठं गेली? तुमच्याखाली आहे, उठा म्हणतो ना. दुकान बंद. मला दूध आणायला जायचंय.