सत्तर चित्रांचा फरक

— थांबा हो, आधी मला लिहू द्या. चार फेब्रुवारी, रविवार, सकाळचे सात वीस. आभाळ स्वच्छ, थंडी बोचरी, वारा समोरून, पण झेंड्याचा नुसता कोपरा हलेल एवढाच. रस्ता कोरडा. हं, झालं. आता बोला. — नाही, तुम्ही काय बोलणार, तुम्ही मघाशीच बोललात. मेलेलं झुरळ उचलावं तसं माझ्या वहीचं पान दोन बोटांत धरलंत आणि म्हणालात, 'घरगुती मोजमाप.' असू दे की घरगुती! तुमची ती वेळ मोजायची पेटी भारी, इकडे डोळा, तिकडे डोळा, मध्ये किरण, सगळं मान्य. पण म्हणून वेळ काय तुमच्या पेटीत वेगळी धावते? सेकंद तो सेकंदच, साहेब. तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही.

मी शाळेत घंटा देते. बावीस वर्षं झाली, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मुख्याध्यापक स्वतःचं घड्याळ माझ्या घंटेवर लावतात. — हसा, हसा. — आणि तो गाडीत बसलाय ना, हेल्मेट घालून, तो माझा थोरला भाऊ. मशीननं दोन बोटं नेली आणि कारखान्यानं उरलेला माणूस घरी पाठवला. दीड वर्ष भिंतीशी बोलत बसायचा. मग एक दिवस भंगारातून हे इंजिन उचलून आणलं, त्याभोवती गाडी बांधायला घेतली, आणि तिथून पुढं माणूस हळूहळू परत आला. त्याच्या गाडीला चारशे मीटर जायला किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं होतं. तुमच्यासारखी पेटी कुठून आणणार? शाळेच्या खेळाच्या कपाटातलं स्टॉपवॉच आणलं — विचारून आणलं, असं बघू नका. तो त्या टोकाला, मी या शेवटच्या रेषेपाशी. आता तो निघाला हे मला कळणार कसं? झेंडा पाडायला तिसरं माणूस नाही. मी म्हटलं, दादा, हॉर्न वाजव आणि सोड गाडी. घंटा झाली की सुरू — मला दुसरं येतं काय? हॉर्न ऐकला की दाबायचं, चाक रेषेवर आलं की दाबायचं. तेरा पॉइंट चार! दहादा मोजलं, दहाही वेळा तेवढंच, चार-पाच शतांश इकडे तिकडे. त्या दिवशी दादा दोन घास जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर गाडीच्या दारावर आकडा रंगवलेला — हो, तोच, हातभर मोठा. आणि तुमच्या शर्यतीच्या फॉर्मवरही तोच.

खोटा आहे तो.

अहो, असे दचकता काय? लबाडी नाही केली. ऐका तर खरं. जुलैमध्ये एकदा मला शाळेत पोचायला उशीर झाला — बावीस वर्षांत एकदा, दात दुखत होता — तर माझ्या जागी दुसरी बाई घंटा देत होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी. बघते तर तिचा हात टोला मारून परतही आला, आणि आवाज मागाहून! आवाजाला यायला वेळ लागतो, साहेब. चौथीतलं पोर सांगेल, वीज आधी दिसते. आणि मी, घंटेवाली, चारशे मीटरवरून हॉर्न ऐकून घड्याळ सुरू करतेय! म्हणजे गाडी कधीच निघालेली, आणि माझं घड्याळ अजून झोपलेलं.

मग मी बसले हात धरून? नाही. रबरी नळी घेतली, गाडी सुटते तिथं आडवी टाकली, तिच्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण बसवलं. चाक नळीवर चढलं की हवा बटण दाबते आणि जुन्या गाडीचा मोठा दिवा लागतो. इथं रेषेसमोर फोन, आणि फोनसमोर माझा केस विंचरायचा आरसा तिरका लावलेला, म्हणजे एकाच चित्रात लांबचा दिवाही दिसतो आणि रेषाही. फोन सेकंदाला साठ चित्रं काढतो. दिवा लागला तिथपासून चाक रेषेला टेकलं तिथपर्यंत एकेक चित्र मोजायचं, तांदूळ निवडावेत तसं. आठशे सत्त्याहत्तर. भागिले साठ, चौदा पॉइंट बासष्ट. दादाला सांगितलं, नुसती चित्रफीत काढतेय. एकदा दिवा आणि हॉर्न एकदम सुरू करायला लावले — दिवा दिसल्यापासून हॉर्न ऐकू येईपर्यंत सत्तर चित्रं. तेवढीच माझी चूक. सत्तर चित्रं.

— नाही सांगितलं त्याला. सात महिने नाही सांगितलं. काय सांगू? तू पुन्हा जेवायचं सोड म्हणून सांगू? — जाऊ दे, हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही आपले नियम सांगा. फॉर्मवरच्या वेळेत आणि पेटीवरच्या वेळेत एक दशांशापेक्षा जास्त फरक पडला की गाडी बाद, वर्षभर शर्यत बंद. धावायच्या आधी आकडा बदलता येतो. बरोबर? मग बदला. तेरा पॉइंट चार खोडा, चौदा पॉइंट बासष्ट लिहा. आत्ता लिहा, पेटी उघडायच्या आधी, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं बघून लिहिलं. सही मी करते. — चालकाचीच? बहिणीची नाही चालत? बावीस वर्षं माझ्या घंटेवर शाळा चालते आणि माझी सही — बरं. बरं! आणा तो कागद.

दादा, काच खाली घे. हेल्मेट काढ. काढ म्हटलं ना! हे वाच. — हो, चौदा. नाही, इंजिन ठणठणीत आहे, माझं घड्याळ चुकलं होतं. पहिल्या दिवसापासून. — हो, माहीत होतं. जुलैपासून. — असा बघू नकोस रे. गाडी तीच आहे, हात तेच आहेत, आकडा तेवढा माझा होता. सगळ्यांसमोर खोटा ठरायचंय की खऱ्या आकड्यावर आत जायचंय? — कर. इथं. पूर्ण नाव. — हं. आता घाल हेल्मेट, आणि माझ्याशी बोलायचं नसेल तर आधी रेषा ओलांड, मग नको बोलूस.

घ्या तुमचा कागद. आणि बाजूला व्हा, आरशासमोर उभे आहात.

सात एकेचाळीस. वारा तसाच. फॉर्मवर चौदा पॉइंट बासष्ट. पेटीवर चौदा पॉइंट एकसष्ट.