टोचनच्या दांड्याचे सहा बोल्ट

माझं माहेर पारोळ्याकडचं, बाप लोहार, पण मुलींना भट्टीजवळ कोण बसू देतं, मी आपली निंदायला जायची. लग्न होऊन चाळीसगावला आली तेव्हा यांचं धुळे रोडला पत्र्याचं दुकान होतं, वेल्डिंगचं, शटर, जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक, बठ्ठं, सगळंच. मी डबा घेऊन यायची आणि जायची. मग यांचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, लोक म्हणाले वेल्डिंगचा उजेड, काही म्हणा, आता यांना दिवस का रात्र एवढं कळतं, बाकी काही नाही. तेव्हापासून पाना माझ्या हातात आला. हे सांगायचे, मी करायची, आणि झालं की हे बोटं फिरवून बघायचे. वेल्डिंगची शिवण यांच्या बोटाला कळते भाऊ, कुठे भोक राहिलं, कुठे नुसता वरून लेप बसलाय. आम्ही दोघं मिळून एक माणूस झालो होतो असं समजा.

बोल्टाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चांगल्या पोलादाचा बोल्ट असतो ना, त्याच्या डोक्यावर आकडे उठलेले असतात, आठ टिंब आठ. साध्या बोल्टाचं डोकं आमच्याकडे येतं ते गुळगुळीत. हे बोटानं वाचायचे. मी म्हणायची, तुम्ही शाळेत एवढं वाचलं असतं तर मास्तर झाले असते. हसायचे.

तर मास्तरच आले एक दिवस. जळगावचे, रिटायर झालेले, आपण सरच म्हणू. त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं घर करून घेतलेलं, आत पलंग, ओटा, संडाससुद्धा. मी तर चढून बघून आली, पडदेपण लावेल होते फुलाफुलांचे. त्यांच्या बाईंचे पाय लहानपणीच गेलेले, त्या तीन चाकी स्कुटर चालवतात, आणि सरांचं म्हणणं की आयुष्यभर ही घरात बसली, आता हिला देश दाखवायचा, पण जिथे उतरू तिथे हिची स्कुटर पाहिजे. म्हणून मागे छोटी ट्रॉली जोडायची, स्कुटर तिच्यावर, आणि ट्रॉली ओढायला बसच्या मागे टोचनचा दांडा.

यांनी सरांना बसवून बठ्ठं समजावलं. दांडा बंपरला लावायचा नाही, बंपर म्हणजे नुसता पत्रा, चॅसीलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यालाच धरायचा, दोन्ही अंगांनी दांड्याची लोखंडी पट्टी आणि तिला तीन तीन बोल्ट. स्कुटर ट्रॉलीवर जरा पुढे ठेवायची, मागे वजन झालं की ट्रॉली शेपटी हलवते आणि बसलापण हलवते. आणि पन्नासेक किलोमीटर झाले की थांबून परत पाना लावायचा. सर वहीत लिहून घेत होते. आम्ही दांडा केला, भोकं जुळतात का बघायला साधे सहा बोल्ट टाकून ठेवले, हातानं फिरवून, वॉशरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते साधे काढून चांगले टाकायचे, चांगले सहा टेबलावर डब्यात काढून ठेवेल होते, एवढंच काम राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर आणि बाई हजर. बाईंच्या मांडीवर ताट, नारळ, हळद-कुंकू. साडेदहाला राहुकाळ लागतो म्हणे, त्याच्या आत निघायचं. त्या जमिनीवर बसून सरकत सरकत मागे गेल्या आणि दांड्याची पूजा केली. एकेका बोल्टावर कुंकवाचं बोट ओढलं, डोक्यापासून पट्टीपर्यंत, सहाच्या सहा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला म्हणाल्या, मावशी, मी वेरूळ बघणार आज, वेरूळ. घाट चढला की कन्नड आणि पुढे वेरूळ, किती जवळ, आणि त्यांनी बघितलेलं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, पूजा झालेल्या वस्तूला कुंकू ओलं असताना मी पाना लावू? आमच्यात नाही लावत. आणि राहुकाळाचं घड्याळ. मी मनात म्हटलं, लहान ट्रॉली, एक स्कुटर, काय होतं, उद्या परवा फोन करून बोलवून घेऊ. तेवढ्यात हे खाटेवरून म्हणाले, बोल्ट बदलात का व?

मी म्हटलं, हाव, बदलात. हो, बदलले म्हणून सांगितलं.

काय सांगू तुम्हाला. माझ्या तोंडून तो हाव निघाला आणि बस निघून गेली. बाई खिडकीतून हात हलवत होत्या.

पाऊण तास झाला असेल. मी चहा ठेवला, हे टेबलावर पकड शोधत होते, आणि यांचा हात त्या डब्यात गेला. मी बघत होती. एकेक बोल्ट उचलला, डोक्यावर बोट फिरवलं, मोजले. सहा. मग माझ्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाले, ह्या काय शेतस मंग?

मग हे काय आहेत, एवढंच विचारलं. हे रागावलेपण नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. डबा खिशात रिकामा केला आणि म्हणाले, चाल, गाडी काढ. मी स्कुटी काढली, हे मागे बसले, पाने पिशवीत. मी फोन लावते, वाजतो, कोणी उचलत नाही. सर गाडी चालवताना फोन घेत नाहीत, शिस्तीचे. बाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. आणि साखळी होती हो, सुटली तर धरायला, पण तीही त्याच पट्टीत अडकवेल, पट्टी गेली की साखळीपण गेली. मी रडत गाडी चालवत होती, ट्रक कट मारून जात होते, आणि हे मागून दर दोन मिनिटांनी विचारायचे, दिसली का? मी म्हणायची नाही. वाटेत कुठे गर्दी दिसली की वाटायचं झालं, मारलं मी कोणाला तरी.

घाटात जाम लागेल होता. देवाचे उपकार म्हणायचे की काय म्हणायचे मला माहीत नाही. गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं वर चढलो आणि तिसऱ्या वळणावर ते फुलाफुलांचे पडदे दिसले. मी ट्रॉलीखाली वाकली. सहातले दोन बोल्ट नव्हतेच. राहिलेल्या चारांवरचं कुंकू तुटेल होतं, डोक्यावरची रेघ एकीकडे आणि पट्टीवरची दुसरीकडे, म्हणजे फिरत फिरत सुटत आले होते. आणि ट्रॉलीच्या मागे टेकून एक काळीपिवळी जीप, पुढच्या सीटवर एक पोरगी, मांडीवर तान्हं.

मी सरांना ओरडून सांगितलं, ब्रेक सोडू नका. ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले. हे रस्त्यावर आडवे झाले आणि एकेक बोल्ट काढून नवीन टाकू लागले, मी पाना द्यायची, हे आधी नुसते वरवर आवळायचे. चार झाले. राहिलेल्या दोन भोकांत पट्टी जरा सरकेल होती, तिथे सळई घालून जुळवायचं असतं, बोट कधीच घालायचं नाही, हे यांनीच मला शिकवेल. पण ज्याला दिसत नाही तो भोक कशानं शोधणार. यांनी बोटं घातली. आणि दगड निसटला. चारही बोल्टांचं अजून पक्कं आवळणं बाकी होतं, पट्टी अंगठाभर खाली आली, कात्रीसारखी.

यांनी हात बाहेर ओढला. नुसतं म्हणाले, सळई दे. शेवटचे दोन बोल्ट मीच टाकले, हात रक्तानं घसरत होते. बाई खिडकीत बसून बघत होत्या, उतरताही येत नव्हतं बिचारीला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. डोळे गेलेल्या माणसाची बोटं, आणि तीही वाचायची. वेरूळ बाईंनी बघितलं, नंतर, महिन्याभरानं. फोन आला होता त्यांचा, खूप रडल्या, मी त्यांना सांगितलं, बाई, तुमचं काही नाही, माझा तो हाव होता.

आता दुकान चालूच आहे, टोचनचे दांडेपण करतो. काम संपलं की हे अजून तेच विचारतात, त्याच आवाजात, बोल्ट बदलात का व? मी तोंडानं उत्तर देत नाही. यांचा हात धरून आणते आणि राहिलेली तीन बोटं बोल्टावर ठेवते. हे सावकाश वाचतात, आठ, टिंब, आठ. सहाही वाचून होतात. मग मी गिऱ्हाइकाला म्हणते, लावा आता कुंकू, आणि सुखानं जा.