बाजू पलटा, म्हणे!

नाही, पण मला एक सांगा, मोबाइलला दुसरी बाजू असते का? असते का हो? एका बाजूला काच, एका बाजूला कव्हर... आता कव्हरच्या बाजूने गाणं वाजतं? कुणाचं वाजतं? ...मग! हेच मी मामाला विचारलं, तर मलाच म्हणतो, "आवाज खाली. गाणाऱ्याने घसा जपावा."

तर तुम्हाला सांगते, आमच्या मामाची रेकॉर्ड कंपनी आहे. कंपनी कसली, लेथच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या! एकीत भिंतींना जुन्या गाद्या टांगल्यात, तो स्टुडिओ. दुसरीत मामी बसते, ते बाकी सगळं. खाली यंत्रं थांबली की वर गाणं सुरू! मालक मामा, ध्वनिमुद्रक मामा, आणि "आमच्या डोक्यावर कुठल्या बड्या कंपनीचा हात नाही" असं छाती फुगवून सांगणारा तोही मामाच. हात नाही ते दिसतंच आहे रे... पंख्याला एक पातं कमी आहे!

आणि या माणसाने माझं पहिलं गाणं काढलं, तेही जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर. माझं! लेथवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत गाऊन गाऊन बसवलेलं. तबकडीच्या पहिल्या बाजूला आमच्या बाई, म्हणजे मी ज्यांच्याकडे शिकते त्या, आणि मागच्या बाजूला मी. बरं, चालेल, मोठ्यांचा मान! पण तबकडी वाजवायचं यंत्र आहे कुणाकडे? एका मैत्रिणीने तर ती हातात घेऊन विचारलं, "यावर गरम भांडं ठेवलं तर चालेल ना गं?" म्हणून मी मामाच्या मागे लागले, मामा, डिजिटल कर, इंटरनेटवर टाक, नाहीतर माझं गाणं या गाद्यांतच गुदमरून मरेल! "टाकू की," म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती!

टाकलं. मी मैत्रिणी जमवल्या, फोन मधोमध ठेवला, गाणं लावलं. बाईंचं सुरू झालं... रंगलं... संपलं. आणि मग? शांतता. खरखर. मला वाटलं, नेट गेलं. नेट कसलं जातंय! आतून मामाचा आवाज, असा भारदस्त, "आता कृपया... बाजू पलटा." आणि पुन्हा शांतता! ही एवढी! एकीने खरंच फोन पालथा घातला हो. दुसरी म्हणाली, "छान होतं गं," आणि चपला घालून सगळ्या चालायला लागल्या! त्यानंतर सुरू झालं माझं गाणं. ऐकायला कोण? मी आणि तो पालथा फोन!

मी तरातरा माडीवर. "मामा, अरे हे काय केलंस? दोन गाण्यांच्या दोन फाइली करायच्या असतात!"

तर तोच हादरला! तो! "तबकडी एक, फाइल एक. तबकडीचे दोन तुकडे करू? बाईंना काय तोंड दाखवू?"

"आणि मधली ती शांतता?"

"अगं, माणसाला उठायला, पलटायला, सुई ठेवायला वेळ नको? गाण्यासाठी जो खुर्चीतून उठत नाही, तो कसला श्रोता?"

"फोनला सुई कुठाय, मामा?"

"ते ज्याचं त्याने बघावं."

आतून मामी, "अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं, 'कृपया' नको. 'कृपया'ने कुणी उठत नाही!"

बाजू पलटा, म्हणे! आणि बदलायला तयार नाही. एकदा काढलं ते काढलं!

पण थांबा, खरा धक्का पुढेच आहे. परवा मैत्रिणीचा फोन, "अगं, तू गाजतेयस!" माझ्या हातातली बादली सुटली, पाय भिजले, तशीच फोन उघडून बघते तर... एक बाळ! पालथं पडायला धडपडतंय, मागून आवाज, "आता कृपया बाजू पलटा," शांतता, आणि बाळ धप्पकन पालथं! पुढे एक घोरणारा नवरा. बाजू पलटा! पुढे एक पुढारी, जुना पक्ष सोडून नव्या पक्षाचा हार घालून घेतोय. बाजू पलटा! लोकांनी मामाचा आवाज कापून आपापल्या व्हिडिओंना लावलाय, आणि लाखोंनी बघितलंय हो! मामाचा आवाज, मग ती शांतता, आणि अगदी शेवटी हलकेच एक "हंऽऽ"... कुणीतरी श्वास घेतं, आणि खलास!

तो श्वास माझा आहे! सूर लावायच्या आधीचा माझा श्वास! पुढच्याच क्षणी माझं गाणं सुरू होतं, आणि मेल्यांनी नेमकं तिथेच कापलंय! खाली लोक लिहितायत, "शेवटी कोण आहे ती? काय वैतागलीय!" वैतागले नव्हते हो! तेव्हा तरी नव्हते!

आणि काल मामाचा फोन. "लगेच ये, यंत्रं थांबलीत. लोकांची मागणी आहे, तुझं नवं रेकॉर्डिंग करू." मी धावत जिना चढले. गाद्यांच्या खोलीत उभी राहिले, डोळे मिटले, घसा साफ केला. म्हटलं, "कुठलं गाणं घेऊ, मामा?"

"गाणं कुठलं? नवी शांतता घ्यायची आहे, जरा मोठी. तू फक्त शेवटी श्वास घे. मागच्यासारखाच, वैतागून."

"आणि 'कृपया' काढायला लावलंय मी, बरं का!" आतून मामी.

आता काय करणार मी? सांगा ना! ...घेतला. श्वास काय, घ्यावाच लागतो.