चालू ठेवलेले मीटर

मी, आकांक्षा अमृतराव खिल्लारे, वय २६ वर्षे, व्यवसाय खासगी नोकरी (महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा सहायक), मूळ रा. साखरा, ता. सेनगाव, ह. मु. हिंगोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

हिंगोली येथे मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा छंदही आहे. आज सकाळी मी जवळा बाजार येथील उत्तमराव कऱ्हाळे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, यांच्याकडून एक वापरलेले टेबल मल्टिमीटर विकत घेतले. विजेचा दाब अतिशय अचूक मोजणारे ते यंत्र आहे. उत्तमरावांनी ते अनेक वर्षांत बंद केलेले नाही. बंद केल्यास त्याचा आकडा सरकतो व पुन्हा स्थिर होण्यास फार काळ लागतो.

व्यवहारापूर्वी त्यांनी विचारले, "घरी कोण कोण हाय?" मी एकटी असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "मग जमतंय बाई. बटन दाबणारं कोणी न्हाई. माझं पोरगं तर पहिल्याच दिशी बंद करील."

म्हणून मी मीटर लहान यूपीएसला जोडून, चालू स्थितीत, एस.टी.ने आणत होते. पिशवी मांडीवर होती. औंढ्याजवळ शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंना पिशवीत हिरवे आकडे दिसले. शेवटचा आकडा सारखा बदलत असतो. इतक्या अचूक यंत्रात तो बदलणारच. बाई म्हणाल्या, "पोरी, हे आकडे काहून पळून राहिले?" वाहकाने यंत्र बंद करण्यास सांगितले. मी "बंद करता येत नाही" असे म्हटले. उत्तर खरे होते. त्यानंतर बॉम्बच्या संशयाने बस रिकामी झाली. मी सीटवरच बसून राहिले.

पोलिसांनी मला ठाण्यात आणले. तेथे पिशवीची तपासणी झाली. आक्षेपार्ह काही मिळाले नाही. यूपीएसची बॅटरी उतरत आल्याने मी प्लग मागितला. महिला पोलीस शिलाताई यांनी चार्जिंगला लावलेला स्वतःचा मोबाईल काढला व म्हणाल्या, "लावा तुमच्या लेकराला."

घरी कोणाला कळवायचे, असे मला विचारण्यात आले. वडील साखऱ्याला असतात. त्यांना कळवू नये.

ठाण्यातून उत्तमरावांना फोन लावण्यात आला. विक्री खरी असल्याचे त्यांनी सांगितले. मग मला विचारले, "चालू हाय ना?" मी हो म्हटले. "आन् तू जेवलीस का?"

या प्रश्नाचा घटनेशी संबंध नाही. तरीही तो जबाबात घ्यावा, ही विनंती.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.